थोराड जातीच्या पिल्लाचें पोट आणि त्याचा आहार

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कुत्रें हें शोभेचें जनावर नाहीं. ज्याच्या बांध्या रानास लागून आहेत त्यास धान निसवल्यापासून तें खळ्यावर येईपर्यंत रात्रीची जागल चुकत नाहीं. रानडुकरांचा एक कळप एका रात्रींत वर्षाच्या मेहनतीची माती करतो. वरोरा-भद्रावतीकडे रोह्यांचा त्रास, तर ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाबिबट्याचें भय. अशा ठिकाणीं वेळींच भुंकून धन्यास सावध करणारें कुत्रें घरच्या माणसाइतकें उपयोगी पडतें. म्हणूनच अलीकडे गांवठी कुत्र्याबरोबर थोराड बांध्याचें पिल्लूं विकत आणण्याकडे खातेदारांचा कल वाढला आहे. कोणी जर्मन शेफर्ड आणतो, कोणी लॅब्राडॉर वा रॉटवायलर, कोणी ग्रेट डेन, तर कोणी मराठवाड्याकडील कारवानी.

परंतु पिल्लूं घरीं आल्यावर आठ-पंधरा दिवसांतच पुष्कळांची एकच तक्रार सुरू होते. पिल्लास पातळ परसाकडे होतें, पोट नगाऱ्यासारखें फुगतें, अंगास अन्न लागत नाहीं. मग शेजारीपाजारी सल्ले देतात. एक म्हणतो दूध वाढवा, दुसरा म्हणतो दूध बंद करून नुसतें मटण द्या, तिसरा कॅल्शियमची बाटली आणून देतो. दर चार दिवसांनीं अन्न बदलतें आणि पोट मात्र ताळ्यावर येत नाहीं. पुढें वर्ष होण्याच्या आंतच त्या पिल्लाचे पाय वांकडे होतात, तेव्हां जात खोटी निघाली असा बोल विकणाऱ्यास लागतो. पुष्कळदां जातींत खोट नसून ताटांत असते. हें ताट कसें असावें याचा क्रमवार विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

थोराड जातीचें निराळेपण

पूर्ण वाढ झाल्यावर ज्या कुत्र्याचें वजन सुमारें २५ किलोंहून अधिक भरतें तें थोराड जातीचें समजण्याची सर्वसाधारण रीत आहे. लहान जातीचें पिल्लूं नऊ ते बारा महिन्यांत वाढून पुरें होतें. थोराड जातीस बारा ते अठरा महिने लागतात, आणि ग्रेट डेनसारख्या राक्षसी जातीस त्याहूनही अधिक. पहिल्या सहा महिन्यांत वजन इतक्या झपाट्यानें वाढतें कीं कोंवळ्या हाडांस तो भार पेलणें कठीण जातें. म्हणून पिल्लूं लवकर मोठें दिसावें या हौसेनें त्यास ठांसून खाऊं घालणें म्हणजे ओल्या भिंतीवर माडी चढविण्यासारखें आहे.

याचें प्रमाण प्रयोगानेंही मिळालें आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत ग्रेट डेन पिल्लांवर केलेला प्रयोग १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटास हवें तितकें अन्न दिलें व दुसऱ्यास त्याच्या सुमारें दोन तृतीयांश. पोटभर खाणाऱ्या गटांत हाडांचे व सांध्यांचे विकार अधिक आढळले. पुढें ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेला दुसरा प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जोडीपैकीं एकास दुसऱ्याहून पाव हिस्सा कमी अन्न देत असत. कमी खाणारीं कुत्रीं सरासरीनें पावणेदोन वर्षांहून अधिक जगलीं, व त्यांचे सांधेही उशिरां धरले. पोटाच्या तक्रारीसही हेंच लागू आहे, कारण अति खाणें हें हगवणीचें फार सामान्य कारण आहे.

कारवानीविषयीं येथें एक शब्द. ह्या जातीस कर्नाटकांत मुधोळ हाउंड म्हणतात. ९ जानेवारी २००५ रोजीं भारतीय टपाल खात्यानें देशी कुत्र्यांच्या चार जातींचीं तिकिटें काढलीं त्यांत ही एक होती. हें कुत्रें उंच असलें तरी अंगानें सडपातळ असतें व वजनानें थोराड जातीच्या उंबरठ्यावरच राहतें. बरगड्या किंचित् दिसणें ही त्याची घडणच आहे. त्यास उपाशी समजून चारूं नये.

पोट कां बिघडतें

रोगाचें मूळ शोधल्याशिवाय अन्न बदलणें म्हणजे पंचनाम्याशिवाय निकाल देणें होय. मुख्य कारणें पुढीलप्रमाणें आहेत.

पहिलें कारण अचानक केलेला बदल. पिल्लूं विकणाऱ्याकडे एक अन्न खात असतें, घरीं आल्यावर त्यास दुसरेंच मिळतें. त्यांत आई सुटल्याचा व प्रवासाचा ताण. याकरितां पिल्लूं आणतांना तें काय व किती खातें हें विचारून घ्यावें आणि आठ दिवसांचें तेंच अन्न बरोबर आणावें.

दुसरें कारण दूध. आपल्याकडे पिल्लूं आलें कीं पुढें दुधाची वाटी ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु कुत्रीच्या दुधांत दुग्धशर्करा गाईच्या दुधापेक्षां कमी, आणि प्रथिनें व स्निग्धांश दुपटीहून अधिक असतात. शिवाय अंगावरचें तुटल्यावर पिल्लाची दुग्धशर्करा पचविण्याची शक्ति कमी होत जाते. न पचलेली साखर आंतड्यांत आंबते व पाणी ओढून घेते. त्याचाच परिणाम पातळ परसाकडे. घरीं म्हैस दुभती असली तरी हा मोह आवरावा. थोडें ताजें दहीं वा पातळ ताक बहुतेक पिल्लांस मानवतें.

तिसरें कारण जंत, आणि आमच्या भागांत हें सर्वांत मोठें. गोल जंत आईच्या पोटांतच पिल्लाच्या शरीरांत शिरतात. अंकुशकृमि दुधावाटे व ओल्या मातींतून कातडीवाटे. भोपळ्यासारखें पोट, रोड अंग व निस्तेज केस हीं गोल जंतांचीं लक्षणें. पांढुरक्या हिरड्या व काळपट चिकट मळ हीं अंकुशकृमीचीं. पिल्लूं दोन आठवड्यांचें झाल्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्यास, व पुढें सहा महिन्यांचें होईपर्यंत दरमहा जंताचें औषध वजनानुसार द्यावें लागतें. हे जंत लेंकरांसही बाधतात. म्हणून पिल्लाचा मळ रोज उचलून खोल पुरावा. मुलें खेळतात त्या अंगणांत तो पडूं देऊं नये.

चवथें कारण संसर्गजन्य रोग. १९७८ सालापासून पार्व्हो नांवाच्या विषाणूचा रोग जगभर पसरला. त्यांत पिल्लूं एकाएकीं मलूल होतें, वांत्या होतात, अत्यंत दुर्गंधियुक्त व रक्तमिश्रित हगवण लागते, आणि उपचार न झाल्यास दोन-तीन दिवसांत तें दगावतें. हा विषाणू जमिनींत महिनेच्या महिने टिकतो. ज्या घरीं असें पिल्लूं मेलें त्यांनीं फरशी व भांडीं ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुतल्याशिवाय दुसरें आणूं नये. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनीं टोंचावी लागते. एकच टोंचणी पुरेशी होत नाहीं. पिसाळीची लस तीन महिन्यांच्या वयास निराळी.

पांचवें कारण एखादें अन्नच न सोसणें. हें वरील कारणांच्या मानानें कमी आढळतें, पण बहुतेक लोक संशय आधीं यावरच घेतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा उपचार

पिल्लूं खेळतें आहे, पाणी पितें आहे, वांती नाहीं, रक्त नाहीं, व फक्त परसाकडे पातळ आहे, तर घरीं उपचार करण्यास हरकत नाहीं. धान पिकविणाऱ्या मुलखांत याचें साधन घरांतच आहे. तांदूळ, किंवा भरडतांना निघालेली स्वच्छ कनकी, नेहमींपेक्षां दुप्पट पाण्यांत मऊ शिजवावी. तिच्या दोन वाट्यांस एक वाटी कातडें व हाडें काढून नुसत्या पाण्यांत उकडलेली कोंबडी घ्यावी. मांस वर्ज्य असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा घरचें ताजें पनीर चालतें. यांत हळद-मीठ, तेल, तिखट, कांदा, लसूण यांपैकीं कांहींही घालूं नये. कांदा व लसूण तर कुत्र्याच्या रक्तास विषच आहेत. एक-दोन चमचे उकडलेला लाल भोपळा घातल्यास मळ बांधून येण्यास मदत होते.

हें अन्न दिवसांतून पांच-सहा वेळां थोडथोडें द्यावें. मोठ्या कुत्र्यास एक दिवस लंघन घडवितात तसें लहान पिल्लास घडवूं नये, कारण त्याच्या अंगीं सांठा थोडा असतो. स्वच्छ पाणी सदैव पुढें असावें. मळ बांधून आला म्हणजे जुनें अन्न पुन्हां मिसळण्यास आरंभ करावा: पहिले दोन दिवस पाव हिस्सा, मग अर्धा, मग पाऊण, आणि आठवड्या-दहा दिवसांत पुरें. कोणतेंही नवें अन्न सुरू करतांना याच पायऱ्या पाळाव्या.

माणसांच्या हगवणीच्या किंवा तापाच्या गोळ्या पिल्लास मुळींच देऊं नयेत. आपल्या घरांतील साध्या वेदनाशामक गोळीनें कुत्रें मरूं शकतें. मळांत रक्त, वारंवार वांती, १०३ अंश फॅरनहाईटहून अधिक ताप, पांढऱ्या हिरड्या, किंवा उठण्याचीही शक्ति नसणें यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. निरोगी कुत्र्याचें तापमान १०१ ते १०२.५ अंश असतें हें लक्षांत ठेवावें. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकास बोलावण्याचा दूरध्वनि क्रमांक १९६२ हा आहे. पावसाळ्यांत पूर आला कीं एटापल्ली-भामरागडकडील वाटा बंद होतात. तिकडील वाचकांनीं जंताचें औषध व लसीचें वेळापत्रक मृगापूर्वींच उरकून घ्यावें हें उत्तम.

बाजारी खाद्य निवडतांना

आतां कायमच्या आहाराकडे वळूं. तयार कोरडें खाद्य आतां तालुक्याच्या गांवींही मिळतें. पिशवीवरील चित्राकडे न पाहतां, सातबारा वाचतांना आपण जसा प्रत्येक रकाना पाहतों, तसा पाठीमागील मजकूर वाचावा.

पहिली गोष्ट, तें खाद्य थोराड जातीच्या पिल्लांकरितां आहे असें स्पष्ट लिहिलेलें असावें. मोठ्या कुत्र्यांचें खाद्य पिल्लास अपुरें पडतें, आणि लहान जातीच्या पिल्लांचें खाद्य थोराड पिल्लास अति होऊं शकतें.

दुसरी गोष्ट, कॅल्शियम. अमेरिकेंतील पशुखाद्य-नियंत्रक अधिकाऱ्यांच्या संघानें वाढत्या पिल्लांच्या खाद्यांत कोरड्या वजनाच्या किमान १.२ टक्के, व प्रौढपणीं सुमारें ३२ किलो वा अधिक भरणाऱ्या जातींसाठीं कमाल १.८ टक्के ही मर्यादा घातली आहे. कॅल्शियमचें फॉस्फरसशीं प्रमाण एकास एकाहून कमी व दोनास एकाहून अधिक नसावें.

तिसरी गोष्ट, प्रथिनें २२.५ टक्क्यांहून कमी नसावींत. प्रथिनांमुळें हाडें बिघडतात ही समजूत पुढील प्रयोगांत खरी ठरली नाहीं. हाडें बिघडतात तीं अति अन्नानें व अति कॅल्शियमनें. ज्याचें पोट नाजूक आहे त्यास मात्र फार स्निग्ध खाद्य निवडूं नये, आणि ज्याचे मुख्य घटक थोडे व ओळखीचे आहेत, जसे तांदूळ, कोंबडी, अंडें वा मासे, तें पसंत करावें. महाग तें चांगलेंच असें नाहीं. जें पचतें, जें आपल्या तालुक्यांत बारमाही मिळतें, व ज्याचा खर्च वर्षभर झेपेल, तेंच योग्य.

प्रमाणाचा अंदाज असा. तीन महिन्यांच्या, दहा किलो वजनाच्या पिल्लास दिवसास सुमारें १,००० ते १,२०० कॅलरी लागतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅमांत साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसाचें खाद्य सुमारें ३०० ग्रॅम. तें चार वेळांस विभागून प्रत्येकीं ७५ ग्रॅम. चार महिन्यांनंतर तीन वेळां, सहा महिन्यांनंतर दोन वेळां. खाल्ल्याबरोबर दौड करूं देऊं नये. खोल छातीच्या थोराड कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा प्राणघातक विकार होतो.

घरच्या अन्नाची मर्यादा

पुष्कळ वाचक म्हणतील, आमच्या आजोबांचीं कुत्रीं भाकरतुकड्यावर वाढलीं. खरें आहे, पण तीं पंधरा किलोंचीं गांवठी कुत्रीं होतीं, दिवसभर गांवांत हिंडून बरेंच कांहीं खात, आणि त्यांच्या वेतांतील किती पिल्लें जगलीं याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. दाव्यास बांधलेल्या थोराड पिल्लास नुसता वरणभात किंवा नुसतें मांस पुरत नाहीं. हाडें काढलेल्या मांसांत कॅल्शियम फॉस्फरसच्या मानानें अत्यल्प असतें. असेंच अन्न महिनोन् महिने दिल्यास शरीर हाडांतला चुना काढून रक्तांत घालतें, हाडें ठिसूळ होतात व सहज मोडतात. वर सांगितलेलें कनकी-कोंबडीचें पथ्य त्यामुळें थोड्या दिवसांचेंच आहे. तें कायमचें ताट समजूं नये. ज्यांस घरचेंच अन्न द्यावयाचें आहे त्यांनीं पशुवैद्याकडून वजनावार मिश्रण लिहून घ्यावें.

याच्या उलट, ज्यास पूर्ण बाजारी खाद्य मिळतें त्यास वरून कॅल्शियमचें सरबत, हाडांची भुकटी वा चुन्याची निवळी देणें घातक आहे. सहा महिन्यांच्या आंतील पिल्लाच्या आंतड्यास जादा कॅल्शियम नाकारण्याची शक्ति पुरी आलेली नसते. आलें तें बरेंचसें शरीरांत शिरतें व हाडांची घडण बिघडवितें. पाय वांकडे दिसूं लागले कीं लोक बाटली दुप्पट करतात, ही तर आगींत तेल ओतण्याची रीत झाली.

आमच्या भागांतील आणखी कांहीं पदार्थांविषयीं. मामा तलावांतील मासे उकडून, कांटे पूर्ण काढून देणें उत्तम. इतर मांस ज्यास सोसत नाहीं अशा पिल्लास तें पुष्कळदां मानवतें. एखादें अन्न सोसत नसल्याचा संशय असेल तर जंत व रोग नाहींत अशी खात्री करून, एकच नवें मांस व भात एवढेंच देऊन पाहावें. पोटाच्या तक्रारींत बहुधा दोन आठवड्यांत फरक कळतो. ह्या परीक्षेंत बिस्किटाचा तुकडादेखील चालत नाहीं, हें घरांतील मुलांस बजावून ठेवावें. लाखोळी स्वस्त पडते म्हणून तिचें वरण पिल्लास घालूं नये. तिच्यांतील द्रव्यानें माणसाचे पाय लुळे पडतात हें सर्वश्रुत आहे, वाढत्या पिल्लावर तिची परीक्षा कशास हवी? शिजलेलीं हाडें फुटून आंतड्यांत रुततात, आंब्याची कोय अडकते, द्राक्षें व मनुका मूत्रपिंडें बिघडवितात. बकऱ्याचें कच्चें काळीज-फुफ्फुस दिल्यास कुत्र्यास पट्टकृमि होतात व त्याचीं अंडीं पोटांत जाऊन माणसाच्या यकृतांत गांठी होतात. रानांतील शिकारीचें मांस तर दूरच ठेवावें. कुत्र्यांकरवीं वन्य जनावरांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे.

खाद्याची साठवण

आमचा उन्हाळा व पावसाळा दोन्हीं अन्नास वैरी आहेत. वैशाखांत सकाळचा भात दुपारपर्यंत आंबतो. म्हणून शिजवलेलें अन्न अर्ध्या तासांत न खाल्ल्यास उचलून घ्यावें. पावसाळ्यांत उघड्या पिशवींतील खाद्यास बुरशी येते. ह्या बुरशीचें विष यकृतावर मारा करतें. १९७४ च्या अखेरीस राजस्थानांतील बांसवाडा व गुजरातेंतील पंचमहाल जिल्ह्यांत बुरशीचा मका खाऊन शेंकडों माणसें काविळीनें आजारी पडलीं व शंभरांहून अधिक दगावलीं. तेंच अन्न खाणाऱ्या घरच्या कुत्र्यांसही हा रोग जडला होता. तेव्हां माणसानें टाकलेला बुरशीचा मका वा शेंगदाण्याची पेंड कुत्र्यास चालेल असें समजूं नये. महिन्याभरांत संपेल एवढीच पिशवी घ्यावी व ती घट्ट झांकणाच्या कोरड्या डब्यांत ठेवावी.

नोंदवही

आमचें सारें आयुष्य नोंदींत गेलें, म्हणून हा आग्रह. एका लहान वहींत तारीख, वजन, अन्नाचा प्रकार व तोल, मळ बांधलेला कीं पातळ, जंताचें औषध व लस एवढे रकाने आंखावे. धानाच्या काट्यावर पिल्लास कडेवर घेऊन उभें राहावें व त्यांतून आपलें वजन वजा करावें. आठवड्यास एकदां पुरे. बरगड्या न दाबतां बोटांस लागाव्या आणि वरून पाहिलें असतां कंबर निमुळती दिसावी, हें योग्य अंगाचें माप. बरगड्या सांपडत नसतील तर अन्न एक दशांश कमी करावें. बोटांखालीं नुसतीं हाडेंच लागत असतील तर जंताचा तपास करून मग अन्न वाढवावें. पशुवैद्यापुढें ही वही ठेवली कीं निम्मा निदानाचा वेळ वांचतो.

रान आणि गांव

शेवटीं एक सार्वजनिक गोष्ट. आपलें कुत्रें एकटें आपलें राहत नाहीं. तें रानाच्या कडेस वावरतें. सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोंवतालच्या कुत्र्यांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुसंख्य कुत्र्यांस पार्व्हो व डिस्टेंपर यांचा संसर्ग होऊन गेल्याचें आढळलें. २०१८ सालीं गीरच्या रानांत वीसहून अधिक सिंह दगावले, व त्यांतील कांहींमध्यें डिस्टेंपरचाच विषाणू सांपडला. ताडोबाच्या भोंवतालीं राहणाऱ्या आपणांस यांतून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. लस न टोंचलेलें, हगवण लागलेलें पिल्लूं रानांत मोकळें सोडूं नये. तसेंच त्यास रात्रीं उघड्यावर बांधूं नये. दाव्यास बांधलेलें पिल्लूं बिबट्यास आयतें भक्ष्य होतें, व एकदां गोडी लागलेला बिबट्या पुन्हां त्याच अंगणांत येतो, जेथें आपलीं मुलेंही असतात.

सारांश इतकाच. आधीं जंत व रोग पाहावे, मग अन्न. एकच योग्य अन्न निवडून त्यावर टिकून राहावें. बदल हळूहळू करावा. पोट भरण्याच्या किंचित् आधींच वाटी उचलावी. आणि दूध व चुन्याच्या बाटलीपासून पिल्लास दूर ठेवावें. बैलजोडी निवडतांना आपण दांत पाहतों, चाल पाहतों, आणि घरीं आणल्यावर तिची वैरण तोलतों. राखणीच्या कुत्र्यास तेवढीच काळजी पहिलें वर्षभर मिळाली, तर पुढें अनेक पिकें तें धुऱ्यावर उभें राहून आपलें धान राखील.